एक्स्प्रेस ॲपमध्ये ग्रिडएफएसचं एकच कनेक्शन सगळीकडे कसं वापरायचं

बेळगावात मुख्य कचेरी आणि निपाणी, चिक्कोडी, खानापूर, जांबोटी इथे शाखा असलेली एखादी सौहार्द सहकारी संस्था डोळ्यांसमोर आणा. कर्जाच्या प्रत्येक प्रकरणाला जमिनीचा कन्नड उतारा, सभासदाचा मराठी अर्ज, आधार कार्ड, जामीनदारांचे कागद असं बरंच काही स्कॅन करून जोडायचं असतं. ॲप नोड आणि एक्स्प्रेसवर, नोंदी मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये आणि फायलीही त्याच्याच ग्रिडएफएसमध्ये, म्हणजे मोठ्या फायली साठवायच्या सोयीत. अशा ॲपच्या कोडमध्ये पुष्कळदा असं दिसतं की अपलोडची राउट फाइल (एका पत्त्यावर आलेल्या विनंत्या हाताळणारा कोड) स्वतःचं कनेक्शन उघडते, डाउनलोडची स्वतःचं, अहवालाची आणखी वेगळं. कधी कधी तर प्रत्येक विनंतीला नवं. चाचणीच्या वेळी एकच माणूस बसलेला असतो, तेव्हा हे खपून जातं. मार्चअखेरीला सगळ्या शाखा एकदम कामाला लागल्या की ॲप आधी मंदावतं, मग गप्प होतं, आणि खापर फुटतं इंटरनेटवर.

हे टाळायची रचना अवघड नाही, पण तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. फंक्शन आणि सेटिंग यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत जातील.

ग्रिडएफएस आतून कसं चालतं

मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ एमबी. त्याहून मोठी फाइल ठेवण्यासाठी ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी बोलू देणारं पॅकेज) ती तुकड्यांत फोडतो. एक तुकडा २५५ केबीचा, म्हणजे १० एमबीच्या पीडीएफचे ४१ तुकडे होतात. तुकडे 'एफएस.चंक्स' या कलेक्शनमध्ये जातात. फाइलचं नाव, लांबी, तारीख आणि मेटाडेटा 'एफएस.फाइल्स'मध्ये. अपलोड होताना आधी तुकडे लिहिले जातात आणि फाइलची नोंद सगळ्यात शेवटी होते. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे साफसफाईच्या वेळी त्याचा उपयोग आहे.

याचा अर्थ ग्रिडएफएस हा वेगळा सर्व्हर नाही आणि त्याला वेगळं कनेक्शनही नसतं. जो मोंगोक्लायंट (ड्रायव्हरचा डेटाबेसशी जोडणारा ऑब्जेक्ट) सभासदांच्या नोंदी वाचतो, तोच फायलीही वाचू शकतो. मोंगोक्लायंट हे मुळात एक कनेक्शन नसून कनेक्शनांचा पूल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा असतो आणि त्याची कमाल मर्यादा आपोआप १०० असते. म्हणून पाच राउट फायलींत पाच क्लायंट उघडले तर पाच कनेक्शनं नव्हे, पाच पूल तयार होतात. शिवाय प्रत्येक क्लायंट सर्व्हरवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतःची जादा कनेक्शनं उघडतो, ती निराळी.

ग्रिडएफएस वापरावं का, हाही प्रश्न आधी विचारून घ्या. पासपोर्ट फोटो आणि सहीचा नमुना एवढंच साठवायचं असेल तर ते सरळ डॉक्युमेंटमध्ये बायनरी म्हणून ठेवता येतं. व्हिडिओ साठवायचे असतील तर डिस्क किंवा ऑब्जेक्ट स्टोरेज बरं. कर्जप्रकरणांच्या कागदांना मात्र ग्रिडएफएस शोभतं, कारण एकाच मोंगोडंपमध्ये (मोंगोडीबीच्या बॅकअपमध्ये) नोंद आणि तिचे कागद दोन्ही येतात. बॅकअप परत चढवल्यावर नोंद आहे पण फाइल नाही, अशी पंचाईत होत नाही.

पायरी १: कनेक्शनचं एकच मॉड्यूल

'डीबी.जेएस' नावाची एक फाइल करा. अख्ख्या प्रकल्पात 'न्यू मोंगोक्लायंट' हे शब्द फक्त याच फाइलमध्ये असले पाहिजेत. तिच्यातून दोन फंक्शनं बाहेर द्या: 'कनेक्ट' आणि 'गेटबकेट'.

'कनेक्ट' लिहिताना तयार झालेला क्लायंट जपून ठेवण्याऐवजी त्याचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरून ठेवणारा ऑब्जेक्ट) जपून ठेवा. कारण असं: दोन ठिकाणांहून 'कनेक्ट' जवळजवळ एकाच वेळी बोलावलं गेलं आणि पहिलं कनेक्शन अजून जुळायचं असेल, तर "क्लायंट आहे का?" या तपासणीला दोघांनाही "नाही" असंच उत्तर मिळतं आणि दोन पूल उघडतात. प्रॉमिस जपलं की दुसरा मागणारा पहिल्याच्याच प्रॉमिसवर थांबतो. याची दुसरी बाजूही सांभाळा. कनेक्शन फसलं तर ते जपलेलं प्रॉमिस पुन्हा रिकामं करा. नाहीतर एकदा फसलेलं उत्तरच पुढे प्रत्येकाला मिळत राहील.

कनेक्शन जुळल्यावर तिथेच एकदा ग्रिडएफएसबकेट (फायली चढवायला-उतरवायला वापरायचा ऑब्जेक्ट, पुढे नुसतं 'बकेट') तयार करा आणि मॉड्यूलमध्ये ठेवून द्या. बकेट तयार करणं हलकं काम आहे, त्यात नवं कनेक्शन उघडत नाही. तरी प्रत्येक विनंतीला नवी बकेट करू नका: प्रत्येक बकेट तिच्या पहिल्या अपलोडच्या वेळी इंडेक्स आहेत का ते तपासते. बकेट एकच असली तर ही तपासणी एकदाच होते. दर विनंतीला नवी असली तर दर अपलोडला. 'गेटबकेट' कनेक्शनाआधी बोलावलं गेलं तर 'अनडिफाइन्ड' परत न देता स्पष्ट संदेशाची एरर फेकावी.

पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह असेल तर कनेक्शनच्या ओळीत ते 'टक्का ४०' असं लिहावं लागतं. 'ॲपनेम' हे सेटिंगही द्या. मोंगोडीबीच्या लॉगमध्ये कोणतं कनेक्शन कोणाचं ते कळतं.

पायरी २: आधी डेटाबेस, मग दार उघडायचं

सुरुवातीच्या फाइलमध्ये क्रम असा ठेवा: 'कनेक्ट'ची वाट पाहा, 'पिंग' कमांड पाठवून उत्तर येतं का ते बघा, मग राउट जोडा आणि सर्वांत शेवटी 'ॲप.लिसन'. नोडच्या ड्रायव्हरमध्ये ४.७ आवृत्तीपासून 'कनेक्ट' स्वतःहून बोलावणं सक्तीचं नाही, पहिल्या कामाच्या वेळी तो आपणहून जोडला जातो. तरीही ते बोलवाच. पासवर्ड चुकला आहे हे ॲप सुरू होतानाच कळलं पाहिजे, काउंटरवर सभासद उभा असताना नव्हे.

'सर्व्हरसिलेक्शनटाइमआउटएमएस' आपोआप ३०,००० असतं, म्हणजे डेटाबेस सापडत नसेल तर अर्धा मिनिट नुसती शांतता. ते ५,००० करा.

इथे एक जुनी अडचण बऱ्याच जणांना अडवते. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून 'लोकलहोस्ट'चा पत्ता काही मशिनांवर आयपीव्ही६चा मिळतो, तर मोंगोडी (मोंगोडीबीचा सर्व्हर प्रोग्राम) ऐकत असतो फक्त १२७.०.०.१ वर. दोन्ही एकाच मशिनवर असूनही 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. उपाय सोपा: 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ लिहा.

पायरी ३: बकेट राउटपर्यंत पोचवणं

तीन मार्ग आहेत. 'ॲप.लोकल्स'मध्ये बकेट ठेवून राउटमध्ये 'रेक.ॲप.लोकल्स'मधून घेता येते. लहान ॲपला पुरतं. दुसरा, प्रत्येक राउट फाइलमध्ये 'डीबी.जेएस' इम्पोर्ट करून 'गेटबकेट' बोलावणं. नोड एकदा लोड केलेलं मॉड्यूल जपून ठेवतो, म्हणून सगळ्यांना तीच बकेट मिळते. तिसरा, राउट फाइलमधून राउटर बाहेर न देता राउटर बनवणारं फंक्शन बाहेर द्यायचं आणि सुरुवातीच्या फाइलमधून त्याला बकेट हातात द्यायची. आमची पसंती तिसऱ्याला. बकेट कुठून आली ते कोड वाचणाऱ्याला दिसतं, आणि चाचणीच्या वेळी चाचणीच्या डेटाबेसची बकेट देणं सोपं जातं.

दुसरा मार्ग घेतलात तर दोन गोष्टी जपा. 'गेटबकेट' फाइलच्या माथ्यावर बोलावू नका. इम्पोर्ट होतानाच ती ओळ चालते आणि तेव्हा कनेक्शन जुळलेलं नसतं. ते हँडलरच्या आत बोलवा. दुसरं, फाइलच्या नावातली लहानमोठी अक्षरं. विंडोजवर एका फाइलने 'डीबी' मोठ्या अक्षरांत आणि दुसरीने लहान अक्षरांत इम्पोर्ट केलं तर फाइल तीच उघडते, पण नोडच्या लेखी ती दोन मॉड्यूलं असतात, म्हणजे पुन्हा दोन पूल. हाच कोड लिनक्स सर्व्हरवर चढवला की फाइलच सापडत नाही.

लपून राहणारी डुप्लिकेट कनेक्शनं बहुधा दोन जागी असतात. 'कनेक्ट-मोंगो' हे सेशन साठवणारं पॅकेज 'मोंगोयूआरएल' दिलं की स्वतःचा क्लायंट उघडतं; त्याला यूआरएल न देता 'क्लायंट' या पर्यायात आपला क्लायंट द्या. आणि मंगूस (मोंगोडीबीसाठीचं, ड्रायव्हर आत असलेलं पॅकेज) वापरत असाल तर ग्रिडएफएससाठी वेगळा क्लायंट करूच नका. कनेक्शन जुळल्यावर 'मंगूस.कनेक्शन.डीबी' घ्या आणि बकेटचा क्लासही 'मंगूस.मोंगो'मधूनच घ्या. वेगळं मोंगोडीबी पॅकेज बसवलं आणि त्याची आवृत्ती मंगूसच्या आतल्या आवृत्तीशी जुळली नाही, तर ऑब्जेक्टआयडीवरून न समजणाऱ्या एरर येतात.

पायरी ४: पूल किती मोठा

पूल प्रोसेसमागे एक असतो, मशिनमागे नव्हे. पीएम२ (नोडच्या प्रोसेस चालवणारं साधन) च्या क्लस्टर मोडमध्ये ४ प्रोसेस चालवल्या तर पूलही ४, आणि आपोआपच्या मर्यादेने ४०० कनेक्शनांपर्यंत मजल जाते. मोंगोडी एका कनेक्शनला सुमारे १ एमबीपर्यंत मेमरी खर्च करतो. मोंगोडीबीच्या ॲटलास या क्लाउड सेवेच्या मोफत एम० क्लस्टरवर तर मर्यादाच ५०० कनेक्शनांची आहे, आणि जागा ५१२ एमबी. कर्जप्रकरणांचे कागद तिथे ठेवायचा विचार असेल तर तो तिथेच सोडून द्या.

पाच-सहा शाखांच्या संस्थेला 'मॅक्सपूलसाइझ' १० ते २० ठेवून सुरुवात करा. त्याबरोबर 'वेटक्यूटाइमआउटएमएस' ५,००० द्या. हे आपोआप ० असतं, म्हणजे पूल भरलेला असेल तर विनंती कितीही वेळ ताटकळते आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. मर्यादा घातली की पाच सेकंदांत एरर येते आणि लॉगमध्ये कारण दिसतं.

खानापूरच्या शाखेचं इंटरनेट संथ आहे, एक मोठी फाइल उतरायला पाच मिनिटं लागतात, तोवर पूलमधलं एक कनेक्शन अडकून पडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. डेटा हप्त्याहप्त्याने आणणारा कर्सर प्रत्येक हप्त्यापुरतं कनेक्शन घेतो आणि परत करतो. अडकते ती मेमरी. हप्त्याची मर्यादा १६ एमबीची असल्यामुळे मोठ्या फाइलच्या एका संथ डाउनलोडमागे नोडच्या मेमरीत साधारण तेवढा डेटा थांबून राहू शकतो. असे ५० डाउनलोड एकदम चालले तर ८०० एमबी. म्हणून ॲप मंदावल्यावर पूल वाढवण्याआधी प्रोसेसची मेमरी बघा.

पायरी ५: अपलोड

मल्टर या अपलोड हाताळणाऱ्या पॅकेजचं 'मेमरीस्टोरेज' वापरलं की अख्खी फाइल आधी मेमरीत येते. रंगीत स्कॅनच्या बाबतीत हे महागात पडतं: ए४चं एक पान ३०० डीपीआयला रंगीत आणि दाबलं नाही तर २६ एमबी भरतं. त्यापेक्षा बसबॉयमधून (मल्टर आतून वापरतं त्या पॅकेजमधून) आलेली फाइल-स्ट्रीम थेट 'बकेट.ओपनअपलोडस्ट्रीम'मध्ये सोडा. जोडणी साध्या 'पाइप'ने न करता 'पाइपलाइन'ने करा. मध्येच लाइन तुटली तर 'पाइपलाइन' एरर देते, आणि 'कॅच'मध्ये 'अपलोडस्ट्रीम.अबॉर्ट' बोलावून लिहिले गेलेले तुकडे पुसता येतात. स्ट्रीम आधीच बंद झाली असेल तर 'अबॉर्ट' स्वतःच एरर देतो, तीही पकडा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात लाइन आणि करंट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ही ओळ रोजच्या कामाची आहे.

बसबॉयला फाइलच्या आकाराची मर्यादा द्या. मर्यादा ओलांडली की तो एरर देत नाही, फाइल तिथेच कापून 'लिमिट' हा इव्हेंट पाठवतो. तो ऐकला नाही तर अर्धवट पीडीएफ पूर्ण समजून साठवली जाते. ॲपच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याचं 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' आपोआप १ एमबी असतं. ४१३ची एरर आली तर ती ॲपची नव्हे, तिथली.

करंट जाण्याचा विचार करून बकेटच्या राइट कन्सर्नमध्ये (लिहिणं पक्कं कधी मानायचं त्या सेटिंगमध्ये) 'जे: ट्रू' ठेवा. जर्नल, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही, साधारण दर १०० मिलिसेकंदांनी डिस्कवर उतरतं. हे सेटिंग असलं की जर्नल उतरल्याशिवाय "साठवलं" असं उत्तर येत नाही. थोडा वेग जातो, पण कागद हरवत नाही.

ग्रिडएफएस मल्टी-डॉक्युमेंट ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही. म्हणून आधी फाइल पूर्ण चढवा, मिळालेला आयडी मग कर्जाच्या नोंदीत लिहा. नोंद लिहिताना चूक झाली तर फाइल पुसा. उलटा क्रम ठेवलात तर नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद तयार होते.

फायलींची नावं: मराठी आणि कन्नड

सीमाभागातल्या कोणत्याही ॲपला हा भाग टाळता येत नाही. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत तो नसतो, म्हणून जरा थांबून पाहू.

बसबॉय फाइलचं नाव 'लॅटिन१' समजून वाचतो. त्यामुळे 'खानापूर उतारा.पीडीएफ' हे नाव डेटाबेसमध्ये अगम्य चिन्हांची ओळ होऊन बसतं. बसबॉय थेट वापरत असाल तर 'डीफपॅरमकॅरसेट' हा पर्याय 'यूटीएफ८' करा. बसबॉयच्या १.० नंतरच्या आवृत्तीवर चालणारं मल्टर वापरत असाल तर मिळालेलं नाव 'बफर.फ्रॉम'ने लॅटिन१ म्हणून वाचून यूटीएफ८मध्ये परत लिहा. दोन्ही उपाय एकदम केलेत तर नाव पुन्हा बिघडेल.

नंतर 'नॉर्मलाइझ' फंक्शनने नाव 'एनएफसी' या युनिकोडच्या एकसारख्या, जोडलेल्या रूपात आणा. मराठीतला 'दऱ्या', 'कऱ्हाड' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो: एका चिन्हाचा, किंवा र आणि नुक्ता असा दोन चिन्हांचा. कन्नडमध्ये हा प्रकार जास्त. 'गोकाक'मधला दीर्घ ओकार एका चिन्हाचा असू शकतो किंवा तुकड्यांचा. दिसायला सारखंच, पण शोधताना सापडत नाही. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा नॉर्मलाइझ करा.

नावाची लांबीही मोजा, अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये. देवनागरी आणि कन्नड दोन्हींत यूटीएफ८मध्ये एका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं असतात. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. सभासदाचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि गट नंबर असं सगळं नावात कोंबलं की ती सहज ओलांडली जाते. ही माहिती मेटाडेटामध्ये ठेवा, नाव आटोपशीर राहू द्या.

पायरी ६: डाउनलोड

आलेला आयडी २४ हेक्स अक्षरांचा आहे का ते आधी तपासा, नसेल तर ४०० (चुकीची विनंती) हा कोड द्या. मग 'बकेट.फाइंड'ने फाइलची नोंद वाचा: आहे का, आणि मागणाऱ्याच्या शाखेला ती पाहायचा हक्क आहे का. बकेट सगळ्या राउटना सामायिक आहे म्हणून कागद सगळ्या शाखांना खुले होता कामा नयेत. ही तपासणी हेडर पाठवण्याआधीच उरकायला हवी. एकदा २०० हा यशाचा कोड गेल्यावर "फाइल सापडली नाही" असं सांगायला जागा उरत नाही.

हेडरमध्ये देवनागरी नाव सरळ लिहिलं तर नोड चुकीच्या अक्षराची एरर फेकतो. 'रेस.अटॅचमेंट'ला नाव द्या, ते योग्य रीतीने एन्कोड करतं. मग 'ओपनडाउनलोडस्ट्रीम' आणि उत्तर यांना इथेही 'पाइपलाइन'नेच जोडा. साध्या 'पाइप'मध्ये ब्राउझर बंद झाला तरी वाचणारी स्ट्रीम उघडी राहते, आणि स्ट्रीमची एरर कोणी ऐकत नसेल तर अख्खी प्रोसेस कोसळते. एक्स्प्रेस ४ असिंक हँडलरमधली एरर स्वतः पकडत नाही, एक्स्प्रेस ५ पकडतं. ४ वर असाल तर 'ट्राय-कॅच' लिहून 'नेक्स्ट'कडे द्या.

ब्राउझरमध्ये मोठी पीडीएफ पानापानाने उघडायची असेल तर रेंज विनंत्या (फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या) हाताळाव्या लागतात. एचटीटीपीच्या रेंजमधला शेवटचा बाइट धरलेला असतो, ग्रिडएफएसच्या 'एंड'मध्ये तो धरलेला नसतो. म्हणून 'एंड'ला १ मिळवा. नाहीतर प्रत्येक भागाचा एक बाइट गळतो आणि पीडीएफ खराब असल्याचा संदेश येतो.

पायरी ७: बंद करताना

क्रम उलटा. आधी 'सर्व्हर.क्लोज', चालू विनंत्या संपल्या की 'क्लायंट.क्लोज'. राउटमध्ये काम झालं म्हणून 'क्लायंट.क्लोज' लिहू नका. सामायिक कनेक्शन एका राउटने बंद केलं की बाकी सगळ्यांची चालू कामं मध्येच तुटतात. पीएम२ थांबण्यासाठी आपोआप फक्त १,६०० मिलिसेकंद देतं. अपलोड चालू असेल तर ते अपुरे आहेत, 'किल_टाइमआउट' ३०,००० करा. बऱ्याच कचेऱ्यांत सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला विंडोजचा पीसी असतो. विंडोजवर हे सिग्नल लिनक्ससारखे पोचत नाहीत, तिथे पीएम२ 'शटडाउन-विथ-मेसेज' पर्यायाने चालवा आणि 'शटडाउन' हा संदेश ऐका.

प्रोसेस अचानक मेली तर 'अबॉर्ट' चालतच नाही आणि फाइलची नोंद नसलेले तुकडे मागे उरतात. आठवड्यातून एकदा रात्री, 'एफएस.फाइल्स'मध्ये ज्यांचा 'फाइल्स_आयडी' नाही असे तुकडे शोधून पुसा. मात्र चालू अपलोडचे तुकडेही नेमके असेच दिसतात, कारण नोंद शेवटी होते. तुकड्याच्या स्वतःच्या ऑब्जेक्टआयडीत त्याची वेळ असते. ती २४ तासांहून जुनी असेल तरच पुसा.

जमलं की नाही ते कसं बघायचं

मोंगोशेलमध्ये 'डीबी.सर्व्हरस्टेटस'मधला 'कनेक्शन्स' भाग पाहा. 'करंट' म्हणजे आत्ता उघडी असलेली, 'टोटलक्रिएटेड' म्हणजे सर्व्हर सुरू झाल्यापासून उघडलेली एकूण. ऑटोकॅननसारख्या साधनाने डाउनलोडच्या राउटवर मिनिटभर भार टाका. सुरुवातीला 'टोटलक्रिएटेड' थोडं वाढेल आणि पूल भरला की थांबेल. विनंत्यांबरोबर ते वाढतच राहिलं, तर कुठेतरी दर विनंतीला कनेक्शन उघडतं आहे. 'करंट' थांबलं पण अपेक्षेच्या दुप्पट किंवा तिप्पट असेल, तर दुसरा क्लायंट लपला आहे. प्रकल्पात 'न्यू मोंगोक्लायंट', 'मंगूस.कनेक्ट', 'क्रिएटकनेक्शन' आणि 'मोंगोयूआरएल' हे चार शब्द शोधा. तो त्यांतल्याच एखाद्या ओळीत असतो.